पोट्ट्यांना कोण मारू शकतं?

ऑफिसातल्या मित्रानं पेनड्राइव्ह हातात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, एकट्यानं पाहाजो."

एकटा तर मी होतोच. हिला माहेरी अमरावतीला जाऊन चार दिवस झाले होते. घरात मी, कूलर आणि तिनं करून ठेवलेलं जग भरून कैरीचं पन्हं. मे महिना, दुपारचे दोन, पारा ४५ वर. कूलरच्या टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं, पडदे ओढले आणि बसलो.

सिनेमा १९७६ चा, स्पॅनिश. दिग्दर्शक नार्सिसो इबान्येझ सेरादोर. टीव्हीवर स्पेनमधल्या झाडून सगळ्या कुटुंबांना प्रश्नमंजूषेचा खेळ दाखवणारा माणूसही हाच. सिनेमाच्या नावाचा अर्थ 'मुलाला कोण मारू शकेल?' तिकडे हे नाव वाचूनच लोकांच्या अंगावर काटा येत असेल. मराठीत मात्र पंचाईत होते. आपल्याकडे 'मारणं' या एका क्रियापदात जीव घेण्यापासून पाठीत धपाटा घालण्यापर्यंत सगळं मावतं. आमच्या नागपुरातल्या मानेवाड्यात 'पोट्ट्यांना कोण मारू शकतं?' असं विचारून पाहा, प्रत्येक गल्लीत दहा हात वर होतील. त्यातल्या चारांत चप्पल असेल.

सुरुवातीला युद्धात आणि उपासमारीत होरपळलेल्या मुलांची खरीखुरी चित्रफीत आहे. ती मात्र बघवली नाही. त्यावर विनोद सुचत नाही, सुचूही नये.

मग गोष्ट. टॉम नावाचा इंग्रज आणि त्याची पोटुशी बायको एव्हलिन होडीनं एका लहानशा बेटावर येतात. बघतात तो गाव ओस. दारं उघडी, रस्त्यावर चिटपाखरू नाही, खानावळीत सळीवरच्या कोंबड्या फिरून फिरून कोळसा झालेल्या. पांढऱ्याफटक भिंती, डोक्यावर रणरणतं ऊन आणि शुकशुकाट. अंधाराची मदत न घेता भर उन्हात भीती दाखवली, म्हणून जाणकार या सिनेमाची वाहवा करतात. करोत. पण नागपूरकरानं यात घाबरायचं कशाला? दुपारी दोनला आमच्याकडेही मेडिकल कॉलेजपासून मानेवाड्यापर्यंत माणूस शोधावा लागतो. त्या दोघांना सगळीकडे अशुभाची चाहूल लागत होती आणि मला एकच काळजी, हा बाबा दिवस भरत आलेल्या बायकोला बिनदुपट्ट्याची उन्हात काय फिरवून राहिला! खिशात कांदा नाही, जवळ पाण्याची बाटली नाही. कोंबड्यांचं तर विचारूच नका. सावजी रस्सा खाऊन वाढलेल्या माणसाला खरा हादरा तिथे बसतो.

हळूहळू मुलं दिसू लागतात. बोलत नाहीत, नुसती हसतात. आणि मग एक गोड चेहऱ्याची मुलगी एका म्हाताऱ्याची काठी हिसकावते आणि त्यालाच बडवू लागते. खिदळत.

इथे माझ्या पोटात गोळा आला. मी सिनेमा थांबवला.

खिदळणं थांबलं नाही.

पडदा बाजूला केला. फाटकाशी सहा जण उभे. दुपट्ट्यात तोंडं गुंडाळलेली, फक्त डोळे उघडे. एकाच्या हातात बॅट. माझ्याकडे पाहताच हसायचे थांबले. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, हीच मंडळी लाकडी बैल घेऊन दारात येतात आणि हातावर बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, कमी पडला की अशीच शांत होतात. त्या शांततेत भल्याभल्यांचा हात पुन्हा खिशाकडे जातो.

"काय पाहिजे?"

कोणी बोलेना. शेवटी सगळ्यात लहान पुढे आला. "काका, बॉल. गच्चीवर."

चप्पल शोधायला थांबलो असतो तर बरं झालं असतं. अनवाणी गच्चीत पाऊल टाकलं आणि तव्यावरच्या भाकरीची कीव आली. एक पाय खाली, एक वर, असा नाचत नाचत पाण्याच्या टाकीमागे पोचलो आणि बॉल काढला. खालून पुन्हा तेच हसू. मग एकदम सामसूम.

उतरलो तर दार सताड उघडं. पाच जण कूलरपुढे ओळीनं बसलेले, तोंडं पंख्याच्या जाळीला लावून, "आ-आ-आ-आ" करत. वाऱ्यानं त्यांचे आवाज असे कापत होते की कुठल्याही दिग्दर्शकानं उचलून नेले असते. पन्ह्याचा जग आडवा. टेबलावर ग्लास सहा, थेंब एकात नाही.

लहाना मात्र कूलरपाशी नव्हता. तो लॅपटॉपसमोर उभा होता. पडद्यावर ती मुलगी आणि तो म्हातारा, तिथेच थिजलेले.

"काका, हे पोट्टी त्या आजोबाले काहून मारून राहिली?"

मला उत्तर सुचेना. बॅटवाल्यानं मान वळवली, पडद्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "बॉल देला नसन त्याईनं."

सहाही जण माझ्या हाताकडे पाहू लागले. मी बॉल गुपचूप पुढे केला.