सागवानी कपाटाबद्दलच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई. लेकीला लग्नात द्यायला आमच्या ओशिवऱ्याच्या दुकानातून तुम्ही सागवानी कपाट नेलंत. ड्रॉवर अडकतो, पाठ सागवानाची नाही, दाराच्या आत लाल डाग आहेत आणि जुन्या मालाला नव्याचा भाव लावला, असं तुम्ही लिहिलंय.

आधी ड्रॉवर. तुमचा सुतार रंधा मारतो म्हणालाय, त्याला कृपा करून थांबवा. मुंबईच्या पावसात लाकूड हवेतली ओल धरतं आणि रुंदीत फुगतं, दिवाळीनंतर पुन्हा आकसतं. आत्ता तासलंत तर थंडीत तो ड्रॉवर ढिला होऊन खडखडेल, आणि तासलेलं लाकूड परत जोडता येत नाही. तूर्त ड्रॉवरमधले कपडे बाहेर काढून ठेवा, तो किंचित उघडा राहू द्या आणि दोन्ही कडांना साधी मेणबत्ती घासा. त्याने सरकायला लागेल. कपाटावर सनमायका चिकटवायचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. त्यावर लाखेचं पॉलिश आहे, हाताने, कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवलेलं.

पाठ देवदाराची आहे, बिलावर तसं लिहिलंय. भिंतीला टेकणारी बाजू हलक्या लाकडाची करायची जुनी रीतच होती. भाव आहे तो बाजूच्या फळ्यांचा. 18 इंच रुंद, एकसंध, कुठेही जोड नाही. हल्ली लागवडीचा साग कोवळा तोडतात, त्यात एवढी फळी क्वचितच निघते.

ते लाल डाग म्हणजे लक्ष्मीपूजनाला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली, नव्या घरात कपाट मावेना, म्हणून त्या कुटुंबाने ते आम्हाला दिलं. आतून पॉलिश मारताना तेवढी जागा आम्ही मुद्दाम सोडली. एका घराची लक्ष्मी तुमच्या लेकीच्या घरी जातेय, असंच मला वाटलं. तुम्हाला नको असेल तर आमचा कारागीर येऊन साफ करून देईल.

दिवाळीनंतरही ड्रॉवर अडकला तर दुकानात फोन करा, घरी येऊन बसवून देऊ, पैसे लागणार नाहीत. आणि कपाट ठेवायचंच नसेल तर रंधा न लावता परत पाठवा, बिलाची पूर्ण रक्कम मिळेल.