चपळ ग्लेव्हधारी घडवू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रे रंगवण्याच्या खेळात ग्लेव्हसारखे लांब दांड्याचे शस्त्र वाऱ्यासारखे फिरवणारे चपळ पात्र उभे करण्याची इच्छा आपल्या मनात निर्माण झाली असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. असे एक पात्र गेल्या शनिवारी मी अगदी जवळून, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डीएमच्या पडद्याआडून, पाहिले असल्यामुळे या विषयावर मार्गदर्शन करण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे, असे मी समजतो.

आरंभ पात्राच्या सहा गुणांपासून करावा. 2014 च्या प्लेयर्स हँडबुक या नियमपुस्तकानुसार वाटण्यासाठी 27 पॉइंट मिळतात आणि एखादा गुण 15 पर्यंत नेण्यास त्यांपैकी 9 खर्ची पडतात. तेव्हा डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) आणि विज्डम यांना प्रत्येकी 15 द्यावेत आणि स्ट्रेंथ, इंटेलिजन्स व करिश्मा यांची 8 वर बोळवण करावी. करिश्मा 8 असल्याने पात्राला चारचौघांत बोलता येत नाही, असा गैरसमज मात्र करून घेऊ नये. राजासमोर, सरदारासमोर, ड्रॅगनसमोरही सर्वांत आधी आपणच बोलावे.

पात्राला नाव देण्याची आवश्यकता नाही.

यानंतर शस्त्र. ग्लेव्ह घ्यावी की हॅल्बर्ड, या प्रश्नावर पहिल्या सेशनचा निदान एक तास खर्च करावा. दोन्हींची किंमत 20 सुवर्णमुद्रा, दोन्हींचे वजन 6 पौंड, दोन्हींच्या इजेला दहा बाजूंचा फासा, दोन्ही हेवी (अवजड), दोन्हींना रीच (लांबची पोहोच), दोन्ही दोन हातांनी धरायच्या. नाव सोडले तर तक्त्यातील त्या दोन ओळी अक्षरशः सारख्या आहेत. परंतु एवढ्यावरून चर्चा आटोपती घेणारा मनुष्य अभ्यासू कसला?

आता एक क्षुल्लक अडचण येते. डेक्स्टेरिटीने हल्ला करायचा तर जवळून लढण्याचे शस्त्र फिनेस, म्हणजे चपळाईने चालवण्याजोगे, असावे लागते आणि ग्लेव्ह फिनेस नाही. त्या पुस्तकात फिनेस आणि रीच हे दोन्ही गुण असलेले शस्त्र एकच आहे, ते म्हणजे चाबूक, आणि त्याला चार बाजूंचा फासा आहे. नियमात बसणारा आणखी एक मार्ग म्हणजे मंक, म्हणजे लढवय्या संन्यासी, होऊन काठी घेणे. पोलआर्म मास्टर हे फीट, म्हणजे पात्राला घेता येणारे खास कौशल्य, काठीला पहिल्यापासून लागू होते आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर साध्या भाल्यालाही होते. पोहोच पाच फुटांचीच राहते, पण पात्र उत्तम चालते. अर्थात नियमात बसणारी वस्तू आपल्यासारख्यांच्या मनास येत नाही. त्यामुळे ग्लेव्ह डेक्स्टेरिटीने चालवू द्यावी, असे डीएमला संदेश पाठवावेत. मला तीन दिवसांत चौदा आले. ग्लेव्ह हे ताकदीचे नसून तोलाचे शस्त्र आहे, हे पटवण्यासाठी व्हिडिओही आले आणि ते पटण्यासारखे होते, हे मी मान्य करतो. मात्र चिलखताचा अंक, इनिशिएटिव्ह (लढाईत आधी कोण, हे ठरवणारा फासा), लपणे, धनुष्य आणि आगीच्या गोळ्यापासून बचाव हे सर्व एकट्या डेक्स्टेरिटीने आधीच बळकावले आहे. स्ट्रेंथवाल्यांच्या पदरात मोठी शस्त्रे तेवढी उरली आहेत आणि तीही आपण मागत आहोत, याचा उल्लेख चौदांपैकी एकाही संदेशात करू नये. डीएम अखेर कंटाळून सवलत देतो. मी दिली. ती चूक माझी, आणि ती मी पुढे निस्तरणार आहे.

विसाव्या लेव्हलला दर राउंडला किती डॅमेज होईल, याचा तक्ता सोबत बाळगावा. आपले कॅम्पेन, म्हणजे चालू कथानक, चौथ्या लेव्हलला आहे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पोलआर्म मास्टर घेतले की जो कोणी आपल्या दहा फुटांच्या टप्प्यात पाऊल टाकेल, त्याच्यावर रिअ‍ॅक्शन (म्हणजे स्वतःच्या टर्नबाहेरही करता येणारी कृती) खर्चून वार करता येतो. त्याला सेंटिनेल या दुसऱ्या फीटची जोड दिली की वार लागलेल्याचा वेग त्या टर्नपुरता शून्य होतो. जोडी प्रभावी आहे, यात वाद नाही. ती मिळाल्यानंतर आपण स्वतःच्या टर्नची वाट पाहणे सोडून द्यावे आणि इतरांच्या टर्नवर लक्ष केंद्रित करावे. कोणी वाक्य बोलत असेल, कोणी जादूचा मंत्र शोधत असेल, कोणी नुसता विचार करत असेल, तरी दर दोन मिनिटांनी "थांबा!" असे ओरडून नकाशावर बोटाने चौकोन मोजावेत. शनिवारी असे मोजमाप एकोणीस वेळा झाले. एका राउंडमध्ये रिअ‍ॅक्शन एकच असते, हे त्यांपैकी सहा वेळा मला सांगावे लागले, आणि सहाही वेळा उत्तर आले की, "असो, विचारून ठेवलेले बरे."

मग खेळात तो गॉब्लिन, एक खुजा राक्षस, आला. आमच्यात एक मुलगी नव्याने खेळू लागली आहे, हे तिचे तिसरेच सेशन. पहिल्या दोन सेशन्समध्ये ती "मी पण मारते" याखेरीज फारसे बोलली नव्हती. त्या दिवशी तिने गॉब्लिनला हाक मारली, त्याचे नाव विचारले, आणि मी घोगरा आवाज काढून ते सांगितले. त्याने तलवार जमिनीवर ठेवली. खालच्या तळघराची किल्ली मुठीत धरून तो तिच्याकडे चालत येऊ लागला. टेबलावर कधी नव्हे ती शांतता होती आणि ती मुलगी खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

"थांबा! दहा फुटांत आला."

लढाई सुरू नाही, इनिशिएटिव्ह टाकलेला नाही, तो शरण येत आहे, असे मी म्हणालो. त्यावर पुस्तक उघडले गेले आणि त्या फीटमध्ये ‘शत्रू’ असा शब्दच नसून केवळ ‘इतर प्राणी’ असे लिहिले आहे, हे मला वाचून दाखवण्यात आले. मी उत्तर देईपर्यंत फासा टाकून झाला होता. वीस बाजूंच्या फाशावर 17, म्हणजे वार लागला; दहा बाजूंच्या फाशावर 6, त्यात डेक्स्टेरिटीचे 3, एकूण 9. गॉब्लिनचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, 7 होते. आणि तो मरून पडल्यावर मला विचारण्यात आले, "सेंटिनेलमुळे त्याचा वेग शून्य झाला ना?"

झाला. मेलेल्याचा वेग शून्यच असतो.

सूचना पुरे. बाबा रे, हे तुलाच लिहितो आहे. तुझ्या ग्लेव्हवर माझा राग नाही, चपळ लढवय्यावर नाही, हिशेबावरही नाही. मीही तरुणपणी असलेच तक्ते केले आहेत. पण टेबलावर पाच खेळाडू बसतात आणि आठवड्यातून चार तास मिळतात, त्यांतले दोन तू एकटा खातोस. जिला तोंड उघडायला तीन आठवडे लागले, तिचे बोलणे तू एका फाशाने बंद केलेस आणि वर पुस्तकातला शब्द दाखवलास. तुला त्या गॉब्लिनचे नाव आठवते का? तिला आठवते, तिने ते वहीत लिहून घेतले होते. आधी तिची माफी माग, तीही सर्वांसमोर.

आणि सवलत रद्द. ग्लेव्हला स्ट्रेंथ लागते आणि तुझी स्ट्रेंथ 8 आहे, म्हणजे प्रत्येक वाराला उणे 1. स्ट्रेंथ 13 नसेल तर असल्या हेवी शस्त्राने मारताना दोन फासे टाकून त्यांतला कमीचा घ्यावा, असे 2024 चे नवे पुस्तक सांगते. ते पुस्तक आपण वापरत नाही, पण तेवढा एक नियम येत्या शनिवारपासून लागू आहे.