‘कागद मागाल तर पोट्टे येणार नाहीत’: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

उन्हाळी फुटबॉल शिबिरांत मुलं सुरक्षित कशी ठेवायची, या माझ्या लेखात गोलपोस्टला वजन, उन्हाची काळजी, मैदानावर दोन मोठी माणसं, सगळ्यांना सारखा खेळ आणि पहिल्या दिवशी कागदपत्रं, असं सांगितलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत: “हे सगळं पैसेवाल्या अकादम्यांचं. वस्तीतल्या क्लबात एक कोच, दोन बॉल, तीस पोट्टे. कागद मागाल तर पोट्टे येणार नाहीत. आम्ही एप्रिलच्या दुपारी अनवाणी खेळलो, काही झालं नाही. आणि सगळ्यांना सारखं खेळवायचं तर जिंकायचं कधी?”

यातल्या एका मुद्द्यावर तुमचं पूर्णपणे बरोबर आहे, तो शेवटी घेतो. बाकीचे मान्य करता येत नाहीत.

आधी पैशांचं. लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जवळपास फुकटात होते, ती म्हणजे गोलपोस्टला वजन. वस्तीतला गोलपोस्ट बहुधा वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी पाइपचा करून घेतलेला असतो आणि उचलून ठेवता यावा म्हणून पुरलेला नसतो. त्याचं बहुतेक वजन पुढे, दोन खांबांत आणि वरच्या आडव्या दांड्यात. एखादं पोर दांड्याला लोंबकळलं की अख्खा सांगाडा पुढे पलटतो आणि दांडा डोक्यावर नाहीतर छातीवर येतो. अशाने जगात ठिकठिकाणी मुलं दगावली आहेत.

उपाय म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरायची. एक पोतं पन्नास किलोच्या आसपास भरतं. दोन पोती जमिनीलगतच्या मागच्या पाइपवर, दोन्ही कोपऱ्यांत, दोरीने घट्ट बांधायची. पुढच्या खांबाच्या बुडाशी ठेवलेलं पोतं काहीच करत नाही, कारण सांगाडा पलटतो तो त्याच रेषेवर. वजन जितकं मागे, तितकी पकड जास्त. मग एका मोठ्या माणसाने समोर उभं राहून आडवा दांडा दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून पाहायचा. मागचा पाइप बोटभर जरी उचलला तरी अजून पोती हवीत. मागचा पाइपच नसेल तर तो गोलपोस्ट खेळ संपला की आडवा पाडून ठेवायचा, उभा सोडायचा नाही.

खुंट्या ठोकून काम भागेल असं वाटतं, पण आपल्याकडच्या काळ्या मातीवर विश्वास ठेवू नका. जानेवारीत घट्ट बसलेली खुंटी मे महिन्यात माती भेगाळली की हाताने उपटून येते. पोत्यांचंही तसंच. उन्हाने प्लास्टिक कुजतं आणि वाळू हळूहळू गळून जाते. होळीनंतर एकदा आणि पावसाआधी एकदा पोती बदला.

आता “काही झालं नाही” याबद्दल. तुमची पिढी वर्षभर उघड्यावर खेळायची, त्यामुळे एप्रिलपर्यंत अंगाला उन्हाची सवय झालेली असायची. आजचं पोर परीक्षा संपेपर्यंत ट्यूशनच्या खोलीत कूलरसमोर बसलेलं असतं आणि सुट्टी लागली की थेट शिबिरात येतं. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिला आठवडा रोज ४० मिनिटंच. सकाळी सहाला सुरू, आणि पुढच्या आठवड्यांतही साडेसातच्या आत मैदान रिकामं. दर पंधरा मिनिटांनी पाणी, मागो न मागो. फिफा मोठ्या व्यावसायिक खेळाडूंच्या सामन्यांतही ऊन, दमटपणा आणि वारा मिळून काढलेलं तापमान ३२ अंशांच्या वर गेलं की पाण्यासाठी खेळ थांबवायला सांगते. इथे नागपुरात तर मे महिन्यात नुसता पारा ४५ च्या आसपास असतो.

आणि उष्माघात ओळखा. पोर अडखळत चालतं, विचारलेल्याला भलतंच उत्तर देतं, अंग तापलेलं असतं. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत आडवं करा, जर्सी काढा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ नाहीतर ओले टॉवेल लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

एकच कोच असणं ही तुमची खरी अडचण आहे. पण दुसरं मोठं माणूस कोचच असायला हवं असं नाही. कुणाची आई, कुणाचे आजोबा, रोज पाळीने एक जण आलं तरी चालतं. एका पोराचा हात मोडला, कोच त्याला घेऊन दवाखान्यात गेला, तर उरलेल्या एकोणतीस जणांपाशी कोण? दुसरं कारण तुम्हाला बोचलं असेल, तरी ते तितकंच खरं आहे. कुठलंही मूल बंद खोलीत, गाडीत किंवा फोनवरच्या गप्पांत एका मोठ्या माणसाबरोबर एकटं असू नये. निरोप पालक असलेल्या ग्रुपवरच जावेत. कुणी शंका घेतली म्हणून चांगल्या कोचचा अपमान होत नाही, उलट या नियमाने त्याचंही रक्षण होतं. आणि मुलाने काही सांगितलं तर ‘आपसात मिटवू’ हा मार्ग कायद्याने बंद केलेला आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती असताना पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. काय करावं सुचत नसेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

जिंकण्याचं गणित. तीस पोरं, दोन बॉल. पंधरा-पंधराचा एक सामना लावला तर निम्म्यांच्या पायाला बॉल लागतच नाही. त्याऐवजी पाच-पाचांचे सहा संघ करा, पंचवीस पावलं लांब आणि पंधरा पावलं रुंद अशी दोन मैदानं आखा. गोलला चपला चालतील, विटा नकोत. चार संघ खेळतात, दोन थांबतात, दर पाच मिनिटांनी बदल. अर्ध्या तासात प्रत्येक पोर वीस मिनिटं खेळतं. थांबलेल्यांतल्या थोरल्याच्या हाती शिट्टी द्या. दहावीच्या वर्षी खेळ सुटणाऱ्या मुलामुलींना मैदानाशी बांधून ठेवायला ही शिट्टी फार उपयोगी पडते. ज्याला बाराव्या वर्षी बुटका म्हणून बसवून ठेवलं तो पंधराव्या वर्षी उंच होतो, पण तोवर त्याने यायचं सोडलेलं असतं. जिंकणारा संघ असा हातचा जातो, भाऊ.

आता तुमचा बरोबर असलेला मुद्दा, कागदांचा. जन्मदाखला, आधार, फोटो हे सगळं पहिल्या दिवशी मागणं चूक होतं. ज्याच्या घरी कागद नाहीत तेच पोर आधी दारातून परत जातं. २००१ मध्ये याच शहरात सुरू झालेल्या स्लम सॉकर या फुटबॉल संस्थेने वस्तीतल्याच मुलांना मैदानावर आणलं, हे माहीत असताना ही ओळ लिहायला नको होती. वयोगटाच्या स्पर्धेत नाव द्यायची वेळ येईल तेव्हा दाखला मागावा. लेखातली ती ओळ आज काढली आहे.

तिच्या जागी एक वही. एका पोराला एक ओळ: नाव, घरच्या दोघांचे फोन, शिबिरातून न्यायला कोण येणार, दमा, फिट किंवा सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का. सिकलसेलचं आपल्या विदर्भात विचारलंच पाहिजे. अशा मुलाला पाणी कमी पडलं किंवा दमछाक जास्त झाली की हातापायांत, पाठीत भयंकर कळा येतात, आणि कोचला ते कामचुकारपणाचं नाटक वाटतं. त्याला डॉक्टरांना विचारून खेळवा, हवं तेव्हा बसू द्या, शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या कधीच मारायला लावू नका. वही कोचच्या घरी किंवा फोनमध्ये नको. मैदानावरच, पण कोच किंवा त्या दिवशी आलेल्या मोठ्या माणसाच्या पिशवीत राहू द्या, कोच दवाखान्यात गेला तर त्याने ती मागे उरलेल्याकडे द्यावी.