चोरीला न जाणारा अंक

आमच्या पेठेतल्या वाचनालयाचा मी कार्यवाह. मानद. म्हणजे पगार शून्य आणि बोलणी मात्र पूर्ण. त्यातली निम्मी मासिकांच्या चोरीवरून.

ग्रंथांना कुणी हात लावत नाही. कोशाचे जाडजूड खंड उघड्या कपाटात पडलेत, नेणाऱ्याला मी पदरच्या पैशानं रिक्षा करून देईन. जातात ती पाककृतींची, सिनेमाची मासिकं आणि दिवाळी अंक.

आधी पानापानावर शिक्के मारले. चोरांची तक्रार नव्हती. नटीच्या नाकावर शिक्का आला म्हणून सभासदच भांडले. मग युरोपात मध्ययुगात पुस्तकं साखळीनं बांधून ठेवायचे, असं समितीला ऐकवून मी सुतळी मंजूर करून घेतली. अंकाला भोक पाडून टेबलाला बांधला. संध्याकाळी सुतळीला नुसतं मुखपृष्ठ लोंबत होतं. शिपाईमामा म्हणाले, "मालक, कव्हर तरी ठेवलंय की ओ."

झडती घ्यायची तर सोलापूरचा उन्हाळा. पारा 42 च्या पुढं, आणि ज्याच्या त्याच्या खांद्यावर टॉवेल. कुणाकुणाचा झटकायचा? ओळखपत्र ठेवून अंक द्यायला लागलो, तर एकजण मुदत संपलेलं कार्ड ठेवून गेला तो गेलाच. फोटोत हसतोय.

आमच्याच जिल्ह्यात हत्तरसंग कुडलला शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. 'हे वाचेल तो विजयी होईल' अशा अर्थाचं त्यात कोरलंय. दगड होता म्हणून हजार वर्षं टिकला. कागदावर असता तर पहिल्याच आठवड्यात वाचक विजयी होऊन घरी गेला असता.

शेवटी समितीनं ठराव केला: जो अंक चोरीला जात नाही, त्याची वर्गणी बंद. ठराव बिनविरोध. आणि दुसऱ्याच दिवशी शिलालेखांवरच्या एका त्रैमासिकाचे वयोवृद्ध संपादक पावतीपुस्तक घेऊन दारात! त्यांचे सगळे अंक मागच्या मांडणीवर, घडीसुद्धा न मोडलेले.

"कार्यवाह, आमचा अंक जातो का ओ चोरीला?" ठराव त्यांच्या कानावर गेला होता.

"जातो की! परवाच गेला."

म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला की वर्गणीचं बोलणंच राहिलं. पिशवीतून त्यांनी आणखी दोन प्रती काढल्या. "मग या जास्तीच्या असू द्या."

तेवढ्यात मामा सुतळी घेऊन हजर. "हे पण बांधू का ओ?"

संपादक माझ्याकडं बघत होते. "बांधा," म्हटलं, "दुहेरी गाठ मारा."