कट्ट्यावर ‘हंगर’

“पिस्तूल सापडलं, कोर्टानं 14 वर्षं ठोकली. यात राजकैदी कुठून आला?” वकिलाने बसता बसताच सुरुवात केली. ‘हंगर’ हा पिक्चर बॉबी सँड्सवरचा: उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारा, तुरुंगात राजकैद्याचा दर्जा मागत उपोषणाला बसलेला. बघायला मीच सांगितला होता, त्यामुळे शिव्याही मलाच.

दाढी उसळला. “1976 पर्यंत ब्रिटिश सरकारनंच अशा कैद्यांना वेगळा दर्जा दिला होता ना? मग काढला कशाला? मागत काय होते, तर अंगावर स्वतःचे कपडे, तुरुंगातली कामं नकोत, आठवड्याला एक भेट...”

“आणि बाहेर त्यांचेच लोक बॉम्ब फोडत होते.”

“मग आपले जतींद्रनाथ दास काय फटाके करत होते? भगतसिंगांच्या मंडळींना बॉम्बच बनवून दिले त्यांनी. 1929 ला लाहोरच्या तुरुंगात 63 दिवस उपाशी राहून गेले, तेव्हा आयर्लंडहून तिथला स्वातंत्र्यसैनिक मॅक्स्विनीच्या घरच्यांची तार आली होती. त्यांचा माणूसही 1920 ला असाच गेलेला.”

“ते परक्या सत्तेविरुद्ध होतं रे. उत्तर आयर्लंडमधल्या निम्म्याहून जास्त लोकांना ब्रिटनच हवं होतं.”

इथे दाढी अडकला. ग्लास उगाच दोनदा फिरवला, मग म्हणाला, “सँड्स निवडून तर आला ना? उपोषण चालू असताना, 30 हजारांवर मतं घेऊन खासदार!”

ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंना त्यानंही फरक पडला नाही. महिन्याच्या आत, 5 मे 1981 ला, 66 व्या दिवशी बॉबी सँड्स गेला. वय 27.

मला मात्र या पिक्चरमधला वॉर्डर सुटत नाही. सुरुवातच त्याच्यापासून. कैद्यांना मारून सोललेली बोटं बेसिनच्या पाण्यात बुडवतो, नाश्ता करतो, गाडीखाली वाकून बॉम्ब नाही ना ते बघतो आणि ड्यूटीला निघतो. दिग्दर्शक कुणाच्या बाजूचा आहे ते लपत नाही, पण आधी हा हात दाखवतो. आणि सँड्स आणि त्याला उपोषण नको म्हणणारा पाद्री, यांचा तो 17 मिनिटांचा न तोडलेला शॉट! दोन्ही वेळा मी पाद्रीच्या बाजूनं बघितला.

मास्तर तोवर गप्प होते. “सँड्स धरून दहा पोरं उपोषणात गेली, थॅचर हलली नाही. मग उपोषण मोडलं कुणी?” कुणी बोलेना. “घरच्यांनी. पोरं बेशुद्ध पडली की डॉक्टरांना सांगायला लागले, करा उपचार. सुरुवात एका आईनं केली. ऑक्टोबरात उपोषण मागे.”

“हे पिक्चरमध्ये कुठाय?” वकील.

“नाहीच.”

“मग तोच काढायचा होता ना!” म्हणत त्याने किक मारली. चहाचे पैसे नेहमीप्रमाणे राहिले.