उशीर चालेल, पण खरं काय ते सांगा

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण त्यातल्या काही गोष्टी मला टोचल्या आणि टोचलेल्यांपैकी एक अगदी बरोबर होती.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आई आणि मी मामाच्या तेराव्यासाठी नागपूरला निघालो होतो. संध्याकाळी ६.४० चं विमान रात्री १०.०५ ला सुटलं. तोवर गेट दोनदा बदललं, आणि दर वेळी स्क्रीन एक सांगत होता, मोबाइलवरचा मेसेज दुसरं आणि काउंटर तिसरं. मी त्यावर चिडून लिहिलं. तुम्ही विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये १९ वर्षं काढली आहेत. तुमचं म्हणणं असं की, गेट कोणी हौसेने बदलत नाही, विमानतळ म्हणजे एसटी स्टँड नव्हे, प्रवाशांनी स्क्रीनकडे लक्ष ठेवावं आणि ज्या पोरांच्या हातात काहीच नसतं त्यांच्यावर राग काढू नये.

आधी माझी चूक. गेट 'बेफिकिरीने' बदलतात असं मी लिहिलं होतं. तो शब्द मागे घेते, लेखातही दुरुस्ती केली आहे. येणारं विमान उशिरा आलं, की त्याच्यासाठी राखलेल्या जागेवर तोवर दुसरं विमान उभं असतं. ते हलत नाही तोपर्यंत हे तिथे लागू शकत नाही. मग याला लांबच्या बे वर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर पाठवतात, तिथे एरोब्रिज (गेटमधून थेट विमानात नेणारा पूल) नसतो, म्हणून प्रवाशांना खालच्या मजल्यावरच्या बस गेटवर आणावं लागतं. गर्दीच्या वेळी एका विमानाचा उशीर पुढच्या चार-पाच विमानांच्या जागा हलवतो. हे मला माहीत असायला हवं होतं. तुम्ही समजावून सांगितलंत, आभारी आहे.

पण माझी तक्रार गेट बदलण्याची नव्हतीच. गेट बदललं हे ज्यांना माहीत होतं त्यांनी आम्हाला ते कधी सांगितलं आणि कसं सांगितलं, ही तक्रार होती, आणि तिच्यावर मी अजूनही ठाम आहे.

त्या संध्याकाळचा अर्धा तास सांगते. आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे, म्हणून व्हीलचेअर घेतली होती. व्हीलचेअरवाल्या मुलाने तिला १४ नंबरच्या गेटसमोर खुर्चीत बसवलं, 'बोर्डिंगच्या वेळी येतो' म्हणाला आणि व्हीलचेअर घेऊन दुसऱ्या प्रवाशाकडे गेला. मी पाण्याची बाटली भरायला गेले. परत आले तर १४ नंबरवर कोलकात्याचं नाव झळकत होतं. आई शांत बसलेली, तिला काहीच कळलं नव्हतं. मोठ्या स्क्रीनपाशी गेले. तिथे पानं आळीपाळीने बदलतात, आपलं पान येईपर्यंत थांबावं लागतं. त्यावर गेट ३. काउंटरवर विचारलं, तर मुलगी म्हणाली, "मॅम, १४च आहे, इथेच बसा." माझ्या मोबाइलवर गेट बदलल्याचा मेसेज आला तो २२ मिनिटांनी, आणि त्यात गेट ९ होतं. आईच्या गुडघ्यांच्या हिशोबाने १४ पासून ३ म्हणजे जवळजवळ डोंगर. व्हीलचेअरवाला मुलगा कुठे शोधायचा, कोणालाच सांगता येईना.

शेजारच्या खुर्च्यांवर वर्ध्याकडचं एक म्हातारं जोडपं होतं. कागदावर छापलेला बोर्डिंग पास काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरला होता. तिकीट पुतण्याने काढलं होतं, म्हणून विमान कंपनीकडे मोबाइल नंबर पुतण्याचा. गेट बदलल्याचा मेसेज वर्ध्याला गेला. पुतण्याने तिथून फोन केला, "काका, तुमचं गेट बदललंय म्हणे." विमानतळावर बसलेल्या माणसाला विमानतळाची बातमी वर्ध्याहून कळली. तुम्ही म्हणता स्क्रीनकडे लक्ष ठेवा. काकूंना तो स्क्रीन वाचता येत नव्हता. त्यांनी लक्ष कशाकडे ठेवायचं?

एसटी स्टँडचं म्हणालात, म्हणून तेही बोलते. माझं बालपण सातारा स्टँडवर गाड्या बदलण्यात गेलं. कंट्रोलरचा घसा बसलेला असे, भोंगा खरखरत असे, पण कोल्हापूरची गाडी कुठल्या फलाटाला लागली हे तो मराठीत सांगे, दोनदा सांगे, आणि फलाट बदलला की पुन्हा सांगे. वाचता न येणारी बाईही बरोबर गाडीत बसे. गाडी आलीच नसेल तर चौकशीच्या खिडकीतला माणूस 'अजून आली नाही, वेळ लागेल' असं तोंडावर सांगे. मुंबईत लोकलच्या स्टेशनांवर आजही गाडीला उशीर झाला तर 'दिलगीर आहोत' ऐकू येतं. मुंबई-दिल्लीच्या विमानतळांनी गोंगाट नको म्हणून नेहमीच्या बहुतेक घोषणा बंद केल्या, 'शांत विमानतळ' झाले. शांतता मलाही आवडते. पण ज्याला दिसत नाही, वाचता येत नाही किंवा ज्याचा मेसेज दुसऱ्याच्या फोनवर जातो, त्याच्यासाठी गेट बदलल्याची एक घोषणा त्या दोन गेटांपुरती तरी करायला काय हरकत आहे? अख्ख्या टर्मिनलभर भोंगा वाजवा असं मी म्हणत नाही.

आता उशिराबद्दल. तुम्ही लिहिलंत, "वेळ नक्की नसते, म्हणून थोडी थोडी वाढवावी लागते." हे मला पटत नाही, आणि का ते आकड्यांत सांगते. ६.१५ ला स्क्रीनवर आमच्या विमानाची नवी वेळ ७.१० होती. माझ्या शेजारच्या कॉलेजच्या मुलाने फ्लाइटरडार२४ (कुठलं विमान कुठे आहे ते दाखवणारं ॲप) उघडून दाखवलं की, जे विमान येऊन आम्हाला नेणार होतं ते अजून आधीच्या शहरात जमिनीवरच उभं होतं. तिथून इथे यायला अडीच तास. उतरल्यावर माणसं उतरवणं, साफसफाई, सामान, इंधन, नवीन माणसं चढवणं, किमान अर्धा-पाऊण तास. म्हणजे ते विमान त्याच क्षणी उडालं असतं तरी आम्ही सव्वानऊच्या आत सुटणं शक्य नव्हतं. हे त्या मुलाने बोटांवर मोजलं. स्क्रीनवर मात्र ७.१०, मग ७.३५, मग ८.००, मग ८.३० असं येत राहिलं. जे एकोणीस वर्षांच्या मुलाला फोनवर दिसतं ते विमान कंपनीच्या कंट्रोल रूमला दिसत नाही, हे मी कसं मानू?

ही थोडी थोडी वाढ प्रवाशाला महागात पडते. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम आहे की अडीच तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणाला २ तास किंवा जास्त उशीर अपेक्षित असेल तर खाणंपिणं द्यायचं. अपेक्षित हा शब्द महत्त्वाचा. ६.१५ ला खरी वेळ सांगितली असती तर आईला सातला काहीतरी खायला मिळालं असतं, तिच्या गोळीची वेळ साडेसातची आहे. पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या हप्त्यांत दोन तास कधी पूर्णच होत नव्हते. सँडविच आणि ज्यूसचा डबा आला तो ८.५० ला. शिवाय खरी वेळ कळली असती तर मी नागपूरला भावाला फोन करून सांगितलं असतं की स्टेशनवरून येणाऱ्या मावशीला घेऊन घरी जा, आमच्यासाठी थांबू नकोस. तो विमानतळाबाहेर थंडीत तीन तास उभा राहिला, कारण त्याला मी दर अर्ध्या तासाने 'आता सुटतंय' असं सांगत होते. मीही त्याच्याशी खोटंच बोलत होते, फक्त ते माझं नव्हतं.

सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, हाही नियम आहे. हे मी वाचकांसाठी लिहिते, तुम्हाला ठाऊकच असणार. आणि तिकीट काढताना स्वतःचा नंबर दिला नसेल तर काही बाबतींत भरपाईचा हक्क जातो, म्हणून तिकीट कोणीही काढो, नंबर प्रवाशाचा घाला.

तुमच्या ज्या मुद्द्याने मला रात्रभर जागं ठेवलं तो मुलांवरच्या रागाचा. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या धुक्यात गोव्याच्या विमानातल्या एका प्रवाशाने उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकावर हात उचलला. ते घृणास्पद होतं. त्याच दिवशी गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान मुंबईत उतरवावं लागलं आणि कंटाळलेली माणसं विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवली. त्यानंतर दंड झाला तो विमान कंपनीलाही आणि मुंबई विमानतळालाही. मला तुम्हाला हेच दाखवायचं आहे. वेळ विमान कंपनीची, गेट विमानतळाचं. मेसेज एकाचा, स्क्रीन दुसऱ्याचा, आणि काउंटरवरची मुलगी बहुतेकदा तिसऱ्याच कंत्राटदाराची. आपापसात माहिती पोचवायची जबाबदारी त्या तिघांची आहे. ती पोचली नाही की शिव्या खायला उभी राहते ती मुलगी. तिला 'गेट १४च आहे' हे कोणीतरी सांगितलेलं होतं, ते तिने मला सांगितलं. माझ्या लेखात मी तिच्या आवाजाच्या सुरावर टीका केली होती. ते वाक्य काढलं आहे. तिला खरं माहीतच नव्हतं, हा तिचा दोष नव्हता.

१५ जानेवारी २०२४ ला डीजीसीएने विमान कंपन्यांना सांगितलं की उशिराची अचूक माहिती वेळच्या वेळी वेबसाइटवर, मेसेजवर आणि विमानतळावर द्या, आणि प्रवाशांशी नीट बोलायला कर्मचाऱ्यांना तयार करा. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही. मागणं कागदावर मान्य झालेलं आहे.

तुम्ही आतले आहात म्हणून एक विचारते, आणि मनापासून विचारते. बे बदलल्याचं तुमच्या वॉकीटॉकीवर यायचं, त्यानंतर तेच स्क्रीनवर दिसायला साधारण किती मिनिटं जायची? आणि गेटवरच्या मुलांना आधी कळायचं, की स्क्रीन बघूनच? तुम्ही लिहिलंत तर ते मी जसंच्या तसं मूळ लेखात वर घालीन, माझ्या लिखाणाच्याही आधी. व्हीलचेअरबद्दलही लिहा. एकदा प्रवाशाला गेटवर सोडलं की गेट बदलल्यावर त्याला हलवायची जबाबदारी कोणाची, हे मी त्या रात्री चार जणांना विचारलं. शेवटी आई माझ्या खांद्यावर हात ठेवून, मध्ये दोनदा खुर्चीत बसत, चालत गेली.