तर्रीचा डबा आणि पाण्याचे नखरे

फर्स्ट इयरच्या पोरांना पाण्याची पोलॅरिटी शिकवणं एकवेळ सोपं, पण मटकीच्या उसळीचा प्लास्टिकचा डबा घासणं, बाप रे! नळाखाली धरला, तुडुंब भरला, ओतला, तरी लाल तवंग जागच्या जागी आणि वर पाण्याचे थेंब गोल गोल होऊन बसलेत, जणू खाली टेकलं तर विटाळ होईल.

कारण मला तोंडपाठ, हेच तर दुखणं. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन हावरट, इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो (इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी ३.४४, बिचाऱ्या हायड्रोजनची २.२०), त्यात रेणू १०४.५ अंशात वाकडा, म्हणून एका टोकाला किंचित ऋण आणि दुसरीकडे किंचित धन, हीच ती पोलॅरिटी. सरळ असता तर कार्बन डायऑक्साइडसारखी दोन्हीकडची ओढ एकमेकींत जिरली असती. आता काय, एकाचा धन हायड्रोजन दुसऱ्याच्या ऋण ऑक्सिजनकडे ओढला जातो, असे हायड्रोजन बॉंड करून सगळे एकमेकांना चिकटलेले. पाणी तेलावर चिडलंय असं बरेच जण समजतात, तसं नाहीये हो, लग्नात वरपक्षाची मंडळी आपापसातच बोलत बसतात ना, आपण कोपऱ्यात पत्रावळ घेऊन, तसं तेल बाजूला पडतं.

बरं शिव्या तरी किती देणार, ह्याच नखऱ्यांमुळे फॉस्फोलिपिड (डोकं पाण्याचं, शेपट्या तेलकट असे रेणू) शेपट्या आत लपवून दुहेरी थर करतात, तेव्हा कुठे पेशीला आवरण मिळतं. आणि हायड्रोजन सल्फाइड बघा, तसाच वाकडा रेणू पण असे बॉंड नावालाच, तर उणे ६० अंशालाच उकळतो. पाण्याने तेच केलं असतं तर नळाला वाफच आली असती.

स्टीलचा डबा निमूट निघतो. प्लास्टिक स्वतःच नॉनपोलर, म्हणजे अशी ऋण-धन टोकं नसलेलं, ते सरळ तेलाच्या पार्टीत. शेवटी लिक्विड ओतलं, त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याचं आणि शेपूट तेलाचं, सगळ्या शेपट्यांनी मिळून तेलाला मधे घेरलं की झालं मायसेल, गेलं वाहून. पण झाकणाच्या खाचेत, रबराखाली, जी तर्रीची बारीक लाल रेघ असते ना, तिथे स्पंजच पोचत नाही तर मायसेल काय डोंबल होणार! टूथपिक घेऊन कोरत बसलो. हळदीचा पिवळेपणा तर वेगळाच, त्यातलं रंगद्रव्य करक्युमिन पाण्याला दाद देत नाही, प्लास्टिकात मुरून बसतं.

आई मागून म्हणाली, "आधी कोरडं बेसन चोळायचं, मग धुवायचं. आणि पिवळा जायला उन्हात ठेव."

मी म्हटलं, आई, ते बेसन तेल शोषून घेतं आणि उन्हाने करक्युमिनचं विघटन होतं.

"हो का? मग कढई पण आहे तिकडे."